कोरिया की तैवान? भोसरीच्या शेडमधून पडलेला प्रश्न

लेथवाला (सोमवार, रात्री १०.४०)

भोसरी एमआयडीसीत आमची शेड आहे. वडिलांनी एका जुन्या लेथवर सुरू केली. आज चार सीएनसी (संगणकावर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (तशीच मिलिंगची मशीन) आणि अठरा माणसं आहेत. चाकणच्या गाड्यांत जाणारे ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे बारीक पार्ट करतो. मोठ्या कंपनीला माल देणारी जी कंपनी असते, तिला माल देणारे आम्ही.

गेल्या आठ वर्षांत मशीन बघायला दोनदा तैवानमध्ये ताइचुंगला जाणं झालं आणि एकदा ग्राहकाबरोबर कोरियात चांगवॉनला. तेव्हापासून एक विषय डोक्यातून जात नाही. आपल्याकडे उद्योगाची कुठलीही बैठक असो, कोणीतरी म्हणतंच, "कोरिया बघा, कुठून कुठे गेला." तैवानचं नाव निघालंच तर चिपपुरतं. माझं मत असं झालंय की पुणे जिल्ह्याला यातल्या एकाकडून शिकायचं असेल, तर ते तैवानकडून शिकावं. चुकत असेन तर स्पष्ट सांगा. इथे कोरियन जाणणारी मंडळी आहेत हे मला ठाऊक आहे.

सुरुवात दोघांची जवळपास सारखी. तैवान १८९५ पासून आणि कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात, दोघांची सुटका १९४५ मध्ये. कोरियाची फाळणी झाली, १९५० ते १९५३ च्या युद्धात देश बेचिराख झाला. १९५३ मध्ये दक्षिण कोरियाचं दरडोई उत्पन्न ६७ डॉलर होतं. तैवानमध्ये १९४९ ला चीनमधून हरलेलं च्यांग कै-शेक यांचं सरकार दहा लाखांहून जास्त माणसं घेऊन आलं. दोन्हीकडे अमेरिकेची मदत, दोन्हीकडे दंडुक्याचं राज्य, दोन्हीकडे शत्रू दाराशी. आज दोघांचं दरडोई उत्पन्न ३० हजार डॉलरच्या वर आहे.

रस्ते मात्र वेगळे झाले. कोरियात पार्क चुंग-ही १९६१ मध्ये उठाव करून आले, बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या आणि निर्यातीचं उद्दिष्ट गाठणाऱ्याला स्वस्त कर्ज द्यायला लागले. दर महिन्याला निर्यातीची बैठक ते स्वतः घेत. १९७३ पासून पोलाद, जहाजं, यंत्रं, रसायनं यांच्यावर सगळा भर. ज्यांना कर्ज मिळालं ती मोजकी घराणी फोफावली: सॅमसंग, ह्युंदाई, एलजी, देवू. त्यांना तिकडे चेबोल म्हणतात. १९३८ मध्ये सुकी मासळी आणि शेवया विकणाऱ्या सॅमसंगने १९८३ मध्ये मेमरी चिपमध्ये उडी घेतली, ती या बळावर.

तैवानमध्ये सरकारच बाहेरून आलेलं. स्थानिकांच्या हाती फार मोठा पैसा जाऊ नये अशी त्याला धास्ती, म्हणून पोलाद, तेल आणि बँका स्वतःकडे ठेवल्या. शिवाय चीनमध्ये महागाईने त्यांचं राज्य पोखरलं होतं. १९४९ मध्ये तैवानातच ४०,००० जुन्या डॉलरला १ नवा डॉलर असा बदल करावा लागला. त्यामुळे नोटा छापून कर्ज वाटायला ते तयार नव्हते. व्याजदर चढे ठेवले, आणि लहान माणसाला बँक दारात उभी करत नसे. मग त्याने पैसा आणला कुठून? भिशीतून. नातेवाईक, शेजारी, जुने सहकारी महिन्याला पैसे टाकायचे आणि ज्याची गरज मोठी तो बोली लावून उचलायचा. आपल्या पेठांमधली लिलावाची भिशी अशीच चालते.

ताइचुंगजवळ फेंगयुआनला मी अशा एका शेडमध्ये दोन दिवस काढले. खाली चार मशीन, वर मालकाचं घर. शेजारचा ग्राइंडिंग करणारा, पलीकडचा हीट ट्रीटमेंटवाला, गल्लीच्या टोकाला बीडाचं कास्टिंग. पार्ट स्कूटरवरून या शेडमधून त्या शेडमध्ये जातो आणि संध्याकाळपर्यंत तयार होऊन येतो. मालक आधी एका कारखान्यात फिटर होता. तिथे म्हण आहे, बैलाची शेपटी होण्यापेक्षा कोंबडीचं डोकं व्हावं. आणि ऑइल-ग्रीसने हात काळे झालेला कामगार स्वतःची शेड काढतो, त्याला म्हणतात "काळा हात मालक झाला". हे ऐकलं तेव्हा मला वडील आठवले. त्यांच्या नखांतला काळा रंग रविवारीसुद्धा जायचा नाही.

चांगवॉनला मला चकचकीत कारखाने दिसले, शिस्त दिसली, आणि आमच्यासारखाच एक लहान पुरवठादार दिसला. दुभाष्यामार्फत तो एवढंच म्हणाला, "आमचा ग्राहक एकच. तो म्हणेल तो भाव." मला पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही. मीही एका मोठ्या ग्राहकाचं १२० दिवसांचं पेमेंट आणि दरवर्षीची तीन टक्के कपात सोसून बसलोय. कायदा ४५ दिवस म्हणतो. कायद्याकडे गेलो तर पुढची ऑर्डर जाते.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तैवानच्या निर्यातीतला निम्म्याहून बराच जास्त वाटा लहान-मध्यम कारखान्यांचा होता. आपण तिथे का नाही पोचलो, हा माझा प्रश्न आहे.

---

पावसाळी_शेवगा (सोमवार, रात्री ११.१५)

फार मनापासून लिहिलंय. वाचतेय, पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

---

हानोक (मंगळवार, सकाळी ७.०५)

लेथवाला दादा, तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही, पण कोरियावर थोडा अन्याय होतोय. मी बारा वर्षं पुण्यात कोरियन दुभाषी म्हणून काम करते. रांजणगाव, तळेगाव, चाकण हाच माझा पट्टा. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला, तेव्हापासून तर आमच्या क्लासला रांग लागली आहे.

पहिली गोष्ट. भिशी कोरियातही होती. तिला ग्ये म्हणतात, आणि बायकांनी ती चालवली म्हणून कित्येक घरांतली मुलं शिकली. दुसरी, कोरियातही पाचांतले चार कामगार लहान-मध्यम कंपन्यांतच आहेत. फरक संख्येत नाही, पगारात आहे. मोठ्या कंपनीत जेवढा पगार, त्याच्या साधारण निम्मा लहान कंपनीत. म्हणून तिकडे आई-बाप मुलाला एकच सांगतात, मोठ्या कंपनीत लाग. त्यासाठी चांगलं विद्यापीठ, त्यासाठी सुनुंग ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. नोव्हेंबरातल्या त्या दिवशी इंग्रजी ऐकण्याच्या पेपरच्या वेळी विमानांची उड्डाणंसुद्धा थांबवतात. मुलं शाळेनंतर क्लासला जातात, त्याला हागवॉन म्हणतात. सोलमध्ये रात्री दहानंतर ते बंद ठेवायचा नियम करावा लागला. लातूर-कोटा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

या दमछाकीचा परिणाम थेट घरावर झालाय. २०२३ मध्ये कोरियात एका स्त्रीमागे सरासरी ०.७२ मुलं जन्मली. तैवानचा आकडाही एकच्या खालीच आहे, तेव्हा या बाबतीत तुमची गल्लीतली शेड कोणाला वाचवू शकलेली नाही.

आता कोरियाची बाजू. १९९७ च्या संकटात देश नाणेनिधीच्या दारात गेला. जानेवारी १९९८ पासून लोकांनी घरातलं सोनं बाहेर काढलं. सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून २२७ टन. लग्नाच्या अंगठ्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्या. माझ्या कोरियन शिक्षिका सांगायच्या की त्यांच्या आईने रांगेत उभं राहून आपली अंगठी दिली आणि घरी येऊन कोणाशी बोलली नाही. मोठ्या घराण्यांनी केलेल्या कर्जासाठी गृहिणींनी सोनं द्यावं, यातला अन्याय मला दिसतो. पण "आपलं" म्हणजे काय हे त्या समाजाला जसं कळतं तसं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

भाषेतच ते आहे. कोरियन माणूस "माझी आई" म्हणत नाही, "उरी ओम्मा" म्हणतो, आमची आई. एकुलता एक असला तरी. वर्गात मराठी मुलांना हे शिकवायला एक मिनिटही लागत नाही, कारण आपणही "आमची आई", "आमच्या घरी" असंच म्हणतो.

---

जुना_सातबारा (मंगळवार, दुपारी ४.२०)

मी कृषी अर्थशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. तुम्ही दोघांनी कारखान्यापासून सुरुवात केलीत. माझ्या मते सुरुवात जमिनीपासून करायला हवी, कारण दोन्ही देशांचा पाया तोच.

तैवानने तीन पायऱ्यांत काम केलं. १९४९ मध्ये खंड पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर आणला. त्याआधी निम्मं पीक आणि कुठे कुठे त्याहून जास्त जमीनदार घेई. १९५१ मध्ये जपान्यांकडून आलेली सरकारी जमीन विकली. १९५३ मध्ये कसणाऱ्याला जमीन. मध्यम प्रतीची भातजमीन असेल तर जमीनदाराकडे जेमतेम तीन हेक्टर उरली. मोबदल्याचे ७० टक्के रोखे, तेही तांदूळ आणि रताळ्यांच्या हिशोबात, आणि ३० टक्के सिमेंट, कागद, खाणी व शेतीमालाच्या चार सरकारी कंपन्यांचे शेअर. म्हणजे जमीनदाराला हाताला धरून कारखानदार केला.

कोरियातही १९५० पासून तीन हेक्टरची मर्यादा आली. पण युद्धाच्या महागाईत जमीनदारांच्या रोख्यांची किंमत मातीमोल झाली आणि तो वर्ग संपला. उरला मोकळा, शिकू पाहणारा शेतकरी आणि त्याच्यावर सरकार. मधे कोणी नाही. पार्कना घराणी घडवता आली ती अशा सपाट मैदानावर.

आपल्याकडे काय झालं? मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कूळ मालक मानलं गेलं. कागदावर हा कायदा तैवानच्या तोडीचा आहे. पण "मी स्वतः कसणार" म्हणून जमीन परत घ्यायची वाट मालकांना ठेवली होती, आणि अंमल येईपर्यंत कितीतरी कुळांनी "राजीखुशीने" जमिनी सोडल्याच्या नोंदी झाल्या. पुण्याच्याच गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि सहकाऱ्यांनी त्याची पाहणी केली होती. तैवान आणि कोरियात वरच्या सरकारचे स्थानिक जमीनदारांशी लागेबांधे नव्हते. आपल्या तलाठ्याचे होते.

हे मी अलिप्तपणे लिहीत नाही. आमची वाई तालुक्यातली जमीन कुळांकडे गेली. आजी शेवटपर्यंत त्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आठवत असे. मी विद्यार्थी असताना तिला सांगितलं होतं की झालं ते न्यायाचं झालं, आणि तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. आज तिच्याएवढं वय झाल्यावरही माझं मत तेच आहे. त्या कुळांची नातवंडं आज इंजिनिअर आहेत, एक तर भोसरीतच आहे.

आणखी एक. तैवानच्या प्रत्येक तालुक्यासारख्या भागात शेतकरी संघ आहे. तोच खत देतो, कर्ज देतो, माल घेतो, नवं बियाणं समजावतो. आपल्याकडे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास जे उभं केलं, त्याच जातीचं काम. शेतीच्या या यंत्रणेत काम केलेला एक कृषी अर्थतज्ज्ञ, ली तेंग-हुई, पुढे तैवानचा अध्यक्ष झाला आणि १९९६ मध्ये तिथली पहिली थेट निवडणूक जिंकला. आपल्याकडेही सहकारातून सत्तेची वाट गेलीच. फरक इतका की तिथे शेतातून सुटलेला माणूस पाच मैलांवरच्या शेडमध्ये कामाला लागला. आपल्याकडे साखर कारखान्याभोवती राजकारण जमलं, लेथ जमले नाहीत.

तैवानच्या शेतकऱ्याने याची किंमतही मोजली. १९७३ पर्यंत खत हवं तर त्याला भात द्यावा लागे, आणि तो भाव सरकारच्या सोयीचा असे. कारखान्याचं भांडवल त्याच्या ताटातून गेलंय.

---

सरळ_रेघ (मंगळवार, रात्री ९.५०)

सगळं वाचलं. सातबारा सर, प्रतिसाद उत्तम. पण मूळ गोष्ट कोणी बोलत नाही. दोन्ही देश वाढले तेव्हा तिथे लोकशाही नव्हती. पार्क यांनी सोल-बुसान महामार्ग १९७० मध्ये पुरा केला. आपल्याकडे एक रस्ता रुंद करायचा तर पंधरा वर्षं कोर्टात जातात. रोज चाकण चौकात दीड तास उभा राहणारा माणूस म्हणून सांगतो, मला आधी रस्ता हवा, मग मत. आधी पोट भरू दे, मग लोकशाही, हाच त्यांचा क्रम होता आणि तो चालला.

---

हानोक (मंगळवार, रात्री ११.३०)

सरळ_रेघ दादा, चाकण चौकात मीही उभी राहते. राग खरा आहे. तरी हा क्रम मला मान्य नाही.

चन थे-इल हा सोलच्या कापडबाजारातला शिंपीकाम करणारा मुलगा. तिथल्या माळ्यांवर सरळ उभंही राहता येत नसे, आणि कोवळ्या मुली तिथे चौदा-चौदा तास शिवत. याने कामगार कायदा वाचून काढला आणि वर्षभर दारं ठोठावली. १३ नोव्हेंबर १९७० ला त्याने स्वतःला पेटवून घेतलं. "आम्ही यंत्रं नाही" हे त्याचे शब्द. वय २२. महामार्गही त्याच वर्षी पुरा झाला.

१८ मे १९८० ला ग्वांगजू शहरात सैन्य उतरलं. सरकारी नोंदीतच दीडशेहून जास्त मृत्यू आहेत. मी तिथल्या स्मशानभूमीत गेले आहे. शाळेच्या गणवेशातले फोटो आहेत दगडांवर. बरोबरचे कोरियन इंजिनिअर, एरवी मीटिंगमध्ये आवाज चढवणारे, तिथे टोपी काढून उभे होते. त्यांच्या मामाचा दगड होता तिथे.

तैवानमध्ये २० मे १९४९ पासून १५ जुलै १९८७ पर्यंत लष्करी कायदा. अडतीस वर्षं. १९४७ च्या २८ फेब्रुवारीनंतर झालेल्या कत्तलीचं नाव घ्यायची चोरी होती. शाळेत मूल घरची तैवानी भाषा बोललं तर गळ्यात पाटी अडकवत. आपल्या मुलांनी वर्गात मराठी बोलल्यावर दंड घेणाऱ्या शाळा आठवा, आणि त्यामागे बंदूक आहे असं समजा.

हुकूमशाहीने देश श्रीमंत होत असते तर उत्तर कोरिया, ब्रह्मदेश आणि मार्कोसचं फिलिपिन्सही झाले असते. दक्षिण कोरिया आणि तैवानकडे सातबारा सरांनी सांगितलेली जमीन होती, शाळा होत्या, अमेरिकेची बाजारपेठ होती.

आणि मत किती मोलाचं आहे हे त्या लोकांनाच विचारा. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. लोक थंडीत संसदेबाहेर जमले, खासदार, खुद्द सभापतीसुद्धा, कुंपणावरून चढून आत गेले आणि १९० विरुद्ध ० मतांनी तो रद्द केला. काही तासांत. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने अध्यक्षांना पदावरून काढलं. मी त्या रात्री बाणेरच्या घरी फोनला चिकटून होते. माझ्या शिक्षिकेचा, वय ७१, संदेश आला: "मी बाहेर जाते आहे. ग्वांगजूच्या वेळी गेले नव्हते."

---

सरळ_रेघ (बुधवार, सकाळी ८.१०)

ताई, शेवटचं वाक्य वाचून थांबलो. रस्त्याबद्दलचं माझं म्हणणं सोडत नाही, पण "आधी पोट, मग मत" हे मी परत म्हणणार नाही.

---

सिंचू_ते_सिंहगड (बुधवार, दुपारी १.३५)

मी चार वर्षं तैवानमध्ये सिंचूला चिपच्या कामात होतो. लेथवाला दादांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक आवडेल, एक कदाचित नाही.

आवडणारी आधी. टीएसएमसी ही तैवानची चिप करणारी कंपनी म्हणजे जगातली सगळ्यात मोठी जॉबवर्क करणारी शेड आहे. ड्रॉइंग ग्राहकाचं, माल आमचा. १९८७ मध्ये मॉरिस चांग यांनी ती काढली तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये २५ वर्षं काढून आलेले. ग्राहकाशी स्पर्धा करायची नाही, स्वतःच्या नावाची वस्तू विकायची नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशी ठरवलं. सॅमसंग चिपही करते आणि फोनही विकते, म्हणून फोनवाल्या ग्राहकाला आपलं ड्रॉइंग तिथे द्यायला जड जातं. फेंगयुआनच्या गल्लीतला स्वभाव आणि टीएसएमसीचा स्वभाव एकच आहे.

आता दुसरी. ही कंपनी भिशीतून उभी राहिली नाही. सरकारचा जवळपास निम्मा हिस्सा होता, फिलिप्सचा पावाहून थोडा जास्त. त्याआधी १९७३ मध्ये सरकारने संशोधन संस्था काढली, १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीकडून चिपचं तंत्र घेतलं, पोरं शिकायला तिकडे पाठवली, १९८० मध्ये सिंचूचं विज्ञान उद्यान उभारलं. लहान शेडना एकट्याने जे परवडत नाही ते तिथे सरकारने सगळ्यांसाठी केलं. यंत्रांसाठी आणि सायकलींसाठीही तशा संस्था आहेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं.

पाण्याचंही सांगतो. २०२१ मध्ये पन्नासहून जास्त वर्षांतला मोठा दुष्काळ पडला. चिपला पाणी अफाट लागतं. सरकारने भातशेतीचं पाणी तोडलं, शेतकऱ्यांना भरपाई दिली आणि कारखाने चालू ठेवले. टँकर आमच्या दारात उभे असायचे. खडकवासल्याचं आवर्तन दौंड-इंदापूरला सोडायचं की शहराला ठेवायचं, हे भांडण ऐकत मोठा झालेला मी. कोरड्या खाचरांशेजारून कंपनीच्या बसने जाताना मान वर करवत नसे.

आता माझ्या आवडीचं. ताइचुंगजवळ दाजिया गावात माझू या समुद्रदेवीचं मंदिर आहे. दरवर्षी त्यांच्या तिसऱ्या महिन्यात देवीची पालखी निघते, नऊ दिवसांत तीनशेहून जास्त किलोमीटर चालते आणि परत येते. वाटेत लोक घरासमोर टेबलं मांडून जेवण, चहा, फळं, पाण्याच्या बाटल्या देतात. पैसे विचारले तर त्यांना वाईट वाटतं. पाय सुजले तर अनोळखी बाई पाटावर बसवून तेल लावून देते. पालखी येताना लोक रस्त्यावर रांगेने पालथे झोपतात, म्हणजे ती वरून जाते.

मी दोन दिवस चाललो. माझे बाबा दरवर्षी आळंदीहून दिवेघाटापर्यंत माउलींबरोबर चालतात. मी मात्र पुण्यात असताना कधी गेलो नव्हतो. दाजियाच्या वाटेवर एका म्हातारबुवांनी मला भाताचा गोळा हातात दिला आणि दोन्ही हात जोडले, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो. परत आल्यापासून वारी चुकवलेली नाही.

त्याच दाजियात १९७२ मध्ये जायंट सायकल कंपनी सुरू झाली. देवीची पालखी आणि जगाला सायकली पुरवणारा कारखाना एकाच गावात. हडपसर आणि दिवेघाट आठवून बघा.

---

पावसाळी_शेवगा (बुधवार, दुपारी ३.००)

तिथला कचरा कसा उचलतात? पुण्यात हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

---

सिंचू_ते_सिंहगड (बुधवार, दुपारी ३.२५)

घंटागाडीच. पियानोची धून वाजवत ठरलेल्या वेळी येते, आणि सगळी गल्ली पिशव्या घेऊन खाली उतरते. कचरा जमिनीला टेकता कामा नये हा नियम. तैपेईत २००० पासून पालिकेचीच विकतची पिशवी वापरावी लागते, म्हणून जो तो कचरा कमी करतो.

---

हानोक (बुधवार, दुपारी ४.४५)

कोरियात विकतच्या पिशवीचा नियम देशभर १९९५ पासून आहे. कित्येक इमारतींत ओला कचरा डब्यात टाकताना कार्ड लावायचं, वजन होतं आणि तेवढं बिल येतं. शेजाऱ्याशी बोलावं लागत नाही. तैवानमध्ये गल्ली खाली उतरते, कोरियात यंत्र मोजतं.

---

लेथवाला (गुरुवार, रात्री ११.१०)

काल रात्रपाळीला एका मशीनचा स्पिंडल गेला, म्हणून उशीर. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

हानोक ताई, कोरियाकडे मी फक्त माझ्या १२० दिवसांच्या पेमेंटमधून बघत होतो, हे मान्य. सोन्याचा भाग आमच्या आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, वसंतराव नाईकांच्या वेळच्या दुष्काळात तिच्या आईने पाटल्या मोडल्या होत्या, पण त्या घरासाठी.

सिंचू दादा, तुमची न आवडणारी गोष्टच मला जास्त उपयोगी पडली. फेंगयुआनच्या शेडमध्ये मला नवल याचं वाटलं होतं की एवढासा मालक मायक्रॉनची हमी देतो कशावर? त्याच्याकडे मोजायचं मोठं यंत्र नव्हतं. ते दोन किलोमीटरवर संस्थेत होतं. पार्ट नेला, तासाचे पैसे दिले, रिपोर्ट घेतला. आमच्याकडे अशा मोजायच्या यंत्राची, म्हणजे चांगल्या सीएमएमची किंमत माझ्या वर्षभराच्या नफ्याहून जास्त आहे. म्हणून ग्राहकाचा इन्स्पेक्टर म्हणेल ते प्रमाण. माल परत आला तर भांडायला हातात कागद नसतो.

त्या फेंगयुआनच्या मालकाबद्दल कोणी विचारलं नाही, पण सांगायला हवं. मुलगा सिंचूला चिपच्या कंपनीत आहे. पगार चांगला, शेडमध्ये यायचं नाही म्हणतो. बाप सदुसष्ट वर्षांचा. मागच्या वर्षी चारांतली दोन मशीन विकली. त्याचा तो फोटो माझ्याकडे आहे, रिकाम्या फाउंडेशनवर उभा आहे. माझी मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शनिवारी शेडवर येऊन सेटिंग शिकते. पुढे काय करायचं हे तिचं तिने ठरवावं.

---

जुना_सातबारा (शुक्रवार, सकाळी ९.३०)

लेथवाला, ते मोजायचं यंत्र पाच-दहा जणांत मिळून घेता येणार नाही का? सहकारी संस्था म्हणून नोंदवा. कागदपत्रांत मी मदत करेन, रिकामाच आहे.

---

लेथवाला (शुक्रवार, रात्री १०.०५)

सर, आज दुपारीच बसलो. आमच्या ब्लॉकमधले पाच शेडवाले तयार आहेत, आणखी तिघे रविवारी सांगतो म्हणाले. वापरलेलं पण चालू स्थितीतलं सीएमएम मिळतंय. महिन्याला प्रत्येकी ठरावीक रक्कम टाकायची, ऑपरेटरचा पगार तासांच्या हिशोबाने वाटून घ्यायचा.

अडलंय जागेवर. यंत्राला एसी खोली आणि हादरे न बसणारी जमीन लागते, आणि ज्याच्या शेडमध्ये ठेवू त्याचाच माल आधी मोजला जाईल अशी बाकीच्यांना शंका. मी माझी मागची खोली देऊ केली, तर तीच शंका माझ्यावर आली. रविवारी सकाळी दहाला परत बसतोय. सर, तुम्ही आलात तर बरं होईल. तुमच्या कुळांचा जो नातू भोसरीत आहे, त्याची शेड आमच्यापासून लांब नसेल तर त्यालाही आणा.